निरंक असल्यास तसे कळवावे

कोरोनाकाळात शाळा बंद होत्या, हा निव्वळ अपप्रचार आहे. मार्च २०२०मध्ये बंद झाले ते वर्ग. अहवाल एक दिवसही बंद नव्हते. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला काढली, जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ आली. मुलांची सोय झाली. साहेबांनी काय करायचं? त्यांनी लिंक पाठवायला घेतल्या.

सकाळी विचारणा, ‘आज किती विद्यार्थी ऑनलाइन?’ दुपारी तीच माहिती पुन्हा एक्सेलमध्ये, कारण तक्ता वरून बदलून आला. रात्री केंद्रप्रमुखांचा व्हॉट्सॲपवर निरोप: ‘अत्यंत तातडीचे. खालील शाळांनी अद्याप लिंक भरलेली नाही.’ बिचाऱ्या केंद्रप्रमुखांचाही दोष नाही. त्यांच्या मागे विस्तार अधिकारी, त्यांच्या मागे गटशिक्षणाधिकारी. संकटकाळातलं नेतृत्व म्हणजे काय, ते तेव्हा कळलं: खाली ‘फॉरवर्ड’, वर ‘ओके सर’.

आमच्या माहितीतल्या एका दोनशिक्षकी शाळेतले दुसरे गुरुजी ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या सर्वेक्षणात दारोदार ताप मोजत होते. उरले मुख्याध्यापक. पोरांच्या घरात स्मार्टफोन मोजून पाच, आणि तेही उजाडताच बापाच्या खिशातून शेतावर. मग हेडसर देवळाच्या ओट्यावर चार-चार पोरं लांब लांब बसवून भागाकार शिकवायचे. पोरं शिकतही होती. अडचण एकच, आलेल्या तक्त्यात रकाने दोन: ‘ऑनलाइन’ आणि ‘दूरदर्शन’. ओट्याला रकाना नव्हता. सरांनी रीतसर मार्गदर्शन मागवलं. उत्तर आलं, ‘आपल्या स्तरावरून उचित कार्यवाही करावी.’ त्यांनी ती केली; अख्खा ओटा ‘ऑनलाइन’ दाखवला. आठवड्याभरात शंभर टक्के ऑनलाइन उपस्थितीबद्दल अभिनंदनपत्र आलं, पीडीएफमध्ये. गावात रेंज नसल्यामुळे ते उघडायला सरांना टेकडी चढावी लागली, पण सन्मान म्हटला की एवढं चालायचंच.

पुढे २०२१मध्ये दहावीची परीक्षाच रद्द झाली. शंभरातले पन्नास गुण नववीच्या निकालावरून द्यायचं ठरलं. या मुलांची नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षाही आदल्या वर्षी रद्द झाली होती, पण असल्या क्षुल्लक गोष्टींत अडकलं तर प्रशासन चालायचं कसं? निकाल लागला ९९.९५ टक्के. उरलेल्या ०.०५ टक्क्यांच्या शाळांनी बहुधा लिंक भरली नसावी.