सिक्युरिटीशी मेतकूट

साठी उलटल्यावर आपल्या दुखण्यांत मनापासून रस घेणारी जागा एकच उरते, ती म्हणजे विमानतळावरची सिक्युरिटी. घरात ‘गुडघा’ एवढा शब्द काढला की मुलांना महत्त्वाचा फोन येतो. डॉक्टर मान वर न करता लिहीत असतात. नातेवाइकांकडे जावे तर त्यांचे दुखणे आपल्यापेक्षा वरचढ निघते आणि आपल्यालाच चहा घेत ऐकावे लागते. विमानतळावर मात्र एक तरणाबांड जवान आपली बॅग अलगद बाजूला काढतो, आपल्यालाच ती उघडायला लावतो आणि डोळ्यांत डोळे घालून विचारतो, ‘‘ये क्या है?’’ आमच्या ह्यांच्या श्वासनलिकेबद्दल इतक्या उत्सुकतेने आजवर कुणीही विचारलेले नाही.

आमच्या घरात आजारांची रीतसर वाटणी झालेली आहे. मधुमेह आणि घोरणे ह्यांच्या वाट्याला आले. घोरण्याला हल्ली स्लीप ॲप्निया म्हणतात. नाव बदलल्यापासून त्याला प्रतिष्ठा आली, आणि प्रतिष्ठेबरोबर सीपॅप नावाचे एक मशीन आले. माझ्याकडे दोन्ही गुडघे धातूचे आणि जन्माचे वैर गव्हाशी. पोळीचा तुकडा जरी पोटात गेला तरी आतडी आठवडाभर असहकार पुकारतात. सिलिॲक म्हणतात त्याला. लेक राहते न्यू जर्सीत. म्हणजे मुंबईहून निघताना आमच्या हातातल्या बॅगांत कपडे सोडून सगळे असते: सीपॅप, त्याची नळी, मास्क, बॅटरी, इन्सुलिनची पेने, सुया, ग्लुकोमीटर, ज्वारीच्या दशम्या, मेतकूट, आणि ह्यांची फाइल.

फाइलीबद्दल सांगायलाच हवे. हे आयुष्यभर लेखापरीक्षणात होते. कागदाशिवाय घडलेली गोष्ट घडलीच नाही, यावर त्यांची श्रद्धा आहे. त्यामुळे फाइलीत अनुक्रमणिका आहे. परिशिष्ट ‘अ’ म्हणजे इन्सुलिनचे प्रिस्क्रिप्शन, ‘ब’ म्हणजे मशीनची पावती, ‘क’ म्हणजे बायकोचे गुडघे. ‘क’ला माझ्या दोन्ही गुडघ्यांचा एक्स-रे जोडलेला आहे. तो फाइलीत मावत नाही म्हणून वेगळ्या पिवळ्या पाकिटातून निघतो. आमच्या लग्नाचा फोटो एवढ्या निगुतीने ठेवलेला मला आठवत नाही.

मुंबईच्या सिक्युरिटीच्या रांगेत पहिल्यांदा उघडते ते सीपॅप. जवानाने विचारले, ‘‘अंकल, ये क्या है?’’

‘‘ये मेरा नींद का मशीन है.’’

एवढ्यावर थांबणे कुणालाही जमले असते, पण ह्यांना नाही. ते पुढे सांगू लागले की माणूस झोपला की घसा मिटतो, मग हवेच्या दाबाने तो उघडा ठेवावा लागतो, हे सिडनीच्या कॉलिन सलिव्हन नावाच्या डॉक्टरने १९८१ साली दाखवून दिले आणि सुरुवातीला त्याने चक्क व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरली. जवानाने शेवटचे तेवढे उचलले.

‘‘तो ये वॅक्यूम क्लीनर है?’’

मागे साठ-सत्तर माणसे उभी होती. त्यातल्या एकाने ‘हाँ बोल दो अंकल’ असा सल्लाही दिला.

मग मशीनवरून एक पट्टी फिरवतात आणि ती दुसऱ्या एका यंत्राच्या तोंडात देतात. स्फोटकाचा कणभर अंश असला तरी ते यंत्र ओरडते. कधीकधी नसला तरी ओरडते, कारण हाताला लावायच्या क्रीममधल्या ग्लिसरिनवरही त्याचा संशय आहे. मला त्या यंत्राची दया येते. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ छातीत कळ आली की जिभेखाली नायट्रोग्लिसरिनची गोळी ठेवतात. डायनामाइटमध्येही तेच असते. आल्फ्रेड नोबेलने डायनामाइट शोधले, म्हातारपणी त्याचे हृदय दुखू लागले आणि डॉक्टरांनी त्याला लिहून दिले तेच नायट्रोग्लिसरिन. आता औषध आणि स्फोटक एकच असेल तर यंत्राने तरी काय करावे?

बॅटरीचे वेगळेच. लिथियमची बॅटरी सामानाच्या पोटात टाकायची नाही, हातातच ठेवायची, १०० वॅट-अवरच्या आत असावी, त्यापुढे १६०पर्यंत विमान कंपनीची परवानगी हवी. हा आकडा बॅटरीवर अशा अक्षरांत छापलेला असतो की तो वाचायला जवानाला टॉर्च लागतो आणि ह्यांना चष्मा. चष्मा ट्रेमध्ये पुढे गेलेला असतो.

इन्सुलिनबद्दल मात्र आम्हाला कुणी कधी अडवले नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवते. ऑगस्ट २००६मध्ये लंडनला सरबताच्या बाटल्यांतून स्फोटके नेण्याचा कट उघडकीस आला आणि त्यानंतर बहुतेक देशांत प्रवाशांच्या बाटल्या १०० मिलीलीटरवर आल्या. त्या नियमातून औषधे, बाळाचे खाणे आणि पथ्याचे खाणे वगळलेले आहे. फक्त ते आपण होऊन बाहेर काढून दाखवायचे. ह्यांनी सुयांचा डबा काढून दाखवला, परिशिष्ट ‘अ’ उघडले, मोठ्याने वाचायला सुरुवात केली, आणि जवान म्हणाला, ‘‘शुगर है ना? मेरे पापा को भी है. जाइए.’’ ह्यांचा चेहरा उतरला. इतकी तयारी केलेला पेपर आणि एकच प्रश्न!

तोवर मी त्या चौकटीतून गेले होते आणि ती बोंबलली होती. ती बोंबलणारच. गुडघ्यांत कोबाल्ट-क्रोमियम आहे. मला पडद्याआडच्या खोलीत नेले. तिथे एक महिला जवान, हातात पट्टीसारखा डिटेक्टर. तो खांद्यापासून खाली शांतपणे आला, गुडघ्यापाशी किंचाळला, दुसऱ्या गुडघ्यापाशीही किंचाळला. मी पिवळे पाकीट पुढे केले. तिने हाताने नको म्हटले. एक्स-रे कुणाचाही असू शकतो, माताजी, हात लावूनच बघावे लागेल. बरोबरच आहे तिचे. ह्यांना हे पटवायला मला न्यूअर्कला उतरेपर्यंत वेळ लागला.

हात लावून बघता बघता तिने विचारले, ‘‘दोनो एकसाथ करवाये?’’ मग, ‘‘सीढ़ी चढ़ते हो?’’ मग आवाज खाली आणून, ‘‘खर्चा कितना आया?’’ तिच्या आईचे गुडघे गेले होते, गावी सोनिपतला. मी सांगितले की २०१७मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हापासून सांध्याचा खर्च उतरला, पण हॉस्पिटलचा खर्च वेगळा विचारून घे. व्यायाम चुकवू देऊ नको. आणि पहिले पंधरा दिवस आई तुला शिव्या देईल, त्या मनावर घेऊ नको. बाहेर रांग तुंबली. बाहेर हे माझ्या नावाने चौकशी करत होते. मला मात्र कित्येक महिन्यांनी पोटभर बोलल्याचे समाधान मिळाले.

व्हीलचेअर का घेत नाही, असे लेक नेहमी विचारते. त्याचे कारण असे की अमेरिकेच्या विमानाला व्हीलचेअरची रांग चालणाऱ्यांच्या रांगेपेक्षा लांब असते. त्यातले निम्मे लोक उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याकडे माझ्यापेक्षा वेगाने धावतात. पंढरीच्या वारीतही इतके चमत्कार होत नसतील.

पण खरी परीक्षा विमानाच्या दारापाशी असते. अमेरिकेला थेट जाणाऱ्या विमानासाठी तिथे पुन्हा झडती होते, आणि तिथे पावडरीचा नियम लागतो. ३० जून २०१८पासून ३५० मिलीलीटरपेक्षा जास्त पूड हातात नेऊ देत नाहीत. ज्याने हा नियम केला त्याने मराठी घरातली डब्यांची फळी पाहिलेली नसणार. भाजणी, मेतकूट, डांगर, नाचणीसत्त्व, गोडा मसाला, दाण्याचे कूट: आमची सगळी संस्कृती पूड करून ठेवलेली आहे. नियमातून सूट मुख्यतः तिघांना: औषधाची पूड, तान्ह्या बाळाचे दूध आणि माणसाच्या अस्थी. म्हणजे मेतकूट न्यायचे तर एकतर आजारी पडा, नाहीतर जन्म घ्या, नाहीतर मरा.

मी मात्र मेतकूट लहान लहान बाटल्यांत भरले होते. ते घरचे, कारण बाजारच्या मेतकुटात गहू असतो. तसा तो भाजणीतही असतो आणि बांधणीच्या हिंगातही असतो, हे बहुतेकांच्या गावीच नसते. अधिकाऱ्याने एका बाटलीचे झाकण उघडले, वास घेतला आणि तीनदा शिंकला.

‘‘ये खाने का है या लगाने का?’’

‘‘गरम चावल, घी और ये,’’ मी म्हणाले. ‘‘बीमार आदमी को देते हैं.’’

‘‘तो ये दवाई है?’’

इथे ह्यांनी फाइल उघडली. माझ्या डॉक्टरांच्या पत्रात ‘गहूविरहित आहार आवश्यक’ असे आहे, पण त्यात मेतकुटाचा उल्लेख नाही, आणि ज्याचा उल्लेख नाही त्याला औषध म्हणणे लेखापरीक्षकाच्या जिवावर आले. नवरा-बायकोचे तिथेच मराठीत जुंपले. अधिकाऱ्याने दोघांकडे बघितले, बाटल्यांची मापे बघितली आणि आम्हाला आत सोडले. शेजारच्या टेबलावर एका काकूंची किलोभर भाजणी मात्र अडकली. त्या तिची कृती सांगत होत्या. कृती सांगितल्याने भाजणी सुटत नाही, हे अनुभवाने सांगते.

खोबऱ्याच्या वाट्या तर चेक-इनलाच निघतात. सुके खोबरे विमान वाहतुकीच्या नियमांत आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत मोडते, त्यातल्या तेलामुळे. ज्या खोबऱ्यावर कोकणातल्या पिढ्या शांतपणे जगल्या ते आतून पेटलेले असते, हे कळल्यापासून मी आमच्या सासरच्या माणसांकडे वेगळ्या नजरेने पाहते.

विमानात शिरलो की सुटलो असे वाटते, तिथे जेवण सुरू होते. पथ्याच्या जेवणांना चार अक्षरी संकेत आहेत. डीबीएमएल म्हणजे मधुमेही, जीएफएमएल म्हणजे ग्लूटेनविरहित, एव्हीएमएल म्हणजे भारतीय शाकाहारी, व्हीजेएमएल म्हणजे जैन. प्रत्येक प्रवाशाला यातला एकच मिळतो. माणसाला आजार तरी असावा नाहीतर धर्म तरी, दोन्ही एकाच वेळी असू नयेत, असे विमान कंपन्यांचे मत दिसते. मी ग्लूटेनविरहित मागितले की ट्रेमध्ये कोंबडीची तंगडी येते. शाकाहारी मागितले की पोळी येते. मधुमेह्याचे जेवणही सामिष असू शकते, म्हणून हे शाकाहारी घेतात आणि मग गुलाबजामाकडे धर्मसंकट म्हणून पाहतात. ते संकट ते दर वेळी गिळतात. संकष्टीला तर संकेतच नाही. एका हवाई सुंदरीला मी उपासाचे विचारले तेव्हा तिने मोठ्या आपुलकीने फळांची थाळी आणली आणि तिच्याखाली पाव.

पथ्याचे ट्रे सर्वांच्या आधी येतात, हा त्यातला फायदा. आजूबाजूचे पन्नास भुकेले लोक आपले उकडलेले गाजर टक लावून बघतात, हा तोटा. मी मग दशमी काढते, मेतकुटाची बाटली काढते, आणि वास तीन रांगा मागेपर्यंत गेला की कुणीतरी आशाळभूतपणे विचारते, ‘‘पुण्याचे का?’’ मेतकूट जमायला एवढे पुरते.

रात्री ह्यांनी सीपॅप लावले. तोंडावर मास्क, त्यातून पुढे लोंबणारी नळी. पुढच्या सीटवरचे पोर मागे वळले, क्षणभर बघत राहिले आणि ओरडले, ‘‘मम्मा, गणपती!’’ आईने त्याला गप्प केले, पण ते हात जोडूनच झोपले. हेही झोपले. शेजारच्या रांगेतल्या माणसाकडे मशीन नव्हते. तो न्यूअर्कपर्यंत घोरला.

तिकडच्या सिक्युरिटीचे परतताना बघितले. तिथे हात वर करून एका काचेच्या खोलीत उभे करतात आणि पडद्यावर एका बाहुल्याच्या गुडघ्यांवर पिवळे चौकोन उमटतात. अधिकारीण म्हणाली, ‘‘नीज?’’ मी ‘येस’ म्हणाले. तिने हात फिरवला, संपले. आईचे गुडघे नाहीत, खर्च नाही, जिना नाही. एवढ्या प्रगत देशात आजाराला इतकी अनास्था.

तेव्हा यंदा लेकीकडे-लेकाकडे निघणाऱ्या समवयस्कांना कळकळीची विनंती. जेवणाचा संकेत निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन-चार दिवस आधी नोंदवा. इन्सुलिन हातातच ठेवा. विमानाच्या पोटात ते गोठू शकते आणि एकदा गोठलेले कामाचे राहत नाही. दंडावर साखरेचा सेन्सर किंवा कमरेला पंप असेल तर यंत्रात शिरण्यापूर्वी सांगा आणि हाताने तपासा म्हणा. कित्येक उत्पादकच तसे सुचवतात. डॉक्टरांचे एक पानी इंग्रजी पत्र पुरते, एक्स-रे घरी ठेवा. भाजणी मोठ्या बॅगेत घाला. आणि रांगेत तुमच्या मागे आम्ही दोघे असलो तर आपल्या गुडघ्यांची कहाणी थोडक्यात आटपा. आमची मोठी आहे.