पांढऱ्या कांद्याचा पिवळा झोन

रायगडच्या किनाऱ्यावर आता जमिनीचा कस कुणी विचारत नाही. जमीन खारी की गोडी, विहिरीला वैशाखात पाणी राहतं का, बांधावरून भरतीचं पाणी आत येतं का, हे सगळे प्रश्न आजोबांबरोबर गेले. एजंट गाडीतून उतरतो आणि एकच विचारतो, "ग्रीन का यलो?" ग्रीन म्हणजे शेतीचा झोन, यलो म्हणजे घरं बांधता येणारा. ग्रीन म्हटलं की घरात आजारी माणूस असल्यासारखा चेहरा करतो. मग तोच धीर देतो, "होईल हो काका, वर बोलणं चालू आहे."

हे 'वर' म्हणजे नक्की कुठे, ते ग्रामपंचायतीला माहीत नसतं. राजपत्रात छापून आलं की कळतं.

मार्च 2024 मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या 124 गावांना असंच कळलं. आता ती सगळी मिळून 323 चौरस किलोमीटरचं 'कर्नाळा-साई-चिरनेर' नवनगर होणार होती. लाडाचं नाव तिसरी मुंबई. अटल सेतू जानेवारीत सुरू झाला होता आणि मुंबईने खाडी ओलांडायला दोन महिनेही लावले नाहीत. त्याच मार्चमध्ये पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत किनाऱ्यावरच्या 1,635 गावांचं नियोजन सिडकोकडे देणारी अधिसूचना निघाली. नवनगरावर हरकती-सूचना मागवल्या. लोकांनी त्या हजारोंनी दिल्या. ऑक्टोबरात नवनगर एमएमआरडीएच्या हाती गेलं. विधानसभेची आचारसंहिताही त्याच महिन्यात लागली. सरकार हरकती वाचत नाही असं कोण म्हणतं? किती लवकर वाचल्या बघा.

नवनगराच्या नावातलं चिरनेर मात्र अवघड गाव आहे. 25 सप्टेंबर 1930 ला इथे जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, माणसं मेली. जंगल गावाचं की सरकारचं, एवढाच वाद होता. नाव सुचवणाऱ्याला हे आठवलं नसावं. आठवलं असतं तर शेजारचं एखादं गरीब गाव बघितलं असतं.

अलिबागकडे सगळं जरा सभ्यपणे चालतं. तिथे अख्खं गाव एका रात्रीत नगर होत नाही, गुंठ्यागुंठ्याने होतं. 2020 मध्ये मांडव्याला रो-रो सुरू झाली आणि गाडी बोटीतून उतरून थेट वाडीच्या फाटकाशी उभी राहू लागली. नागाव, आक्षी, चौलच्या नारळ-सुपारीच्या वाड्यांत आधी दोन खोल्या झाल्या, मग आठ, मग तरणतलाव. गावाची हरकत पाहुण्यांवर नाही. पाहुण्यांवर घरं चालतात. हरकत इतकीच की तलाव भरणारी बोअर आणि शेजारच्या काकूंची विहीर एकाच पाण्यावर आहे. समुद्र शंभर पावलांवर असताना गोडं पाणी जास्त उपसलं की खारं आत सरकतं. हे वाडीवाल्याला शिकवावं लागत नाही, झोन बदलणाऱ्याला लागतं. शिवाय सांडपाणी, कचरा, शनिवारचा डीजे आणि ज्या रस्त्यावर दोन बैलगाड्या जेमतेम जात तिथे समोरासमोर उभ्या दोन फॉर्च्युनर.

2022 मध्ये अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भात निघाल्यावर खंडाळे-कार्ल्याच्या शेतांत हा कांदा लागतो, त्याच्या माळा वळून विकतात. मानांकन या मातीचं आहे, बियाणं दुसरीकडे नेऊन भागत नाही. मातीवर प्लॉट पडले की प्रमाणपत्राला चौकट करून रिसॉर्टच्या रिसेप्शनला लावता येईल. शेजारी मेन्यूकार्ड असेलच.

जमीन विकतं कोण? आपणच. सातबाऱ्यावर सोळा नावं, वाट्याला चार गुंठे आणि कापणीला माणूस मिळत नाही. "विकू नका" हा सल्ला बहुधा पुण्यातून येतो. विकणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. त्याने ग्रीनच्या भावाने विकली आणि त्याची सही वाळायच्या आत ती यलो कशी झाली, एवढंच मला समजून घ्यायचंय. इकडे आधी मालक बदलतो, मग रंग. शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यायची असा कायदा आहे म्हणतात. त्यामुळे वरळी-वांद्र्याच्या विसाव्या मजल्यावर शेतकरी फार झालेत. त्यांना हवामानाचा अंदाज नसतो, झोनचा असतो.

गावाला सरळ विचारण्याचा प्रयोगही याच जिल्ह्यात झालाय. महामुंबई सेझसाठी पेण-उरण-पनवेलची जमीन हवी होती, तेव्हा 21 सप्टेंबर 2008 ला पेण तालुक्यातल्या, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत सरकारने चक्क मतदान घेतलं. जमीन द्यायची की नाही? लोक रांगेत उभे राहिले आणि 'नाही' म्हणाले. सेझ बारगळला. त्यानंतर जमिनीसाठी मतपेटी काढण्याची चूक रायगडात तरी कुणी केली नाही. आता हरकती मागवतात. मतं मोजावी लागतात, हरकतींची फाईल करता येते.

तर माझीही एक सूचना त्या फाईलला लावून घ्यावी. ज्या गावाचा झोन बदलायचा, त्या गावातले गेल्या पाच वर्षांतले जमीन खरेदीचे सगळे फेरफार अधिसूचनेबरोबर छापा. नवी मोजणी नको, समिती नको. सगळं तलाठ्याच्या दप्तरात आहे. (त्याला आता ग्राममहसूल अधिकारी म्हणायचं. झोनबरोबर तोही बदलला.) राजपत्राची चार पानं वाढतील. त्यात गावातली आडनावं किती उरली, ते गावकरी पारावर बसून मोजतील.