कानामागून आली

लोणावळा लोकलमध्ये आधी चढणाऱ्यासारखा अभागी जीव दुसरा नाही. शिवाजीनगरला धावत शिरून खिडकी पटकावलेल्या माणसाला मळवलीला उतरायचं असतं, पण त्याच्या आणि दाराच्या मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि देहूरोड पिशव्यांसकट उभे असतात. कामशेतला लोंबकळत चढलेला पोरगा मळवलीला टुणकन उतरतो. खिडकीवाला "उतरणार का? उतरणार का?" करत थेट लोणावळ्याला पोचतो.

इकडची परंपराच तशी. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, तेव्हा खंडाळ्याच्या अलीकडे कड्यावर रूळ संपायचे. तिथे इंजिन दुसऱ्या टोकाला जोडून गाडी उलटी निघायची आणि शेवटचा डबा पहिला व्हायचा. १९२९ मध्ये नव्या मार्गामुळे ते रिव्हर्सिंग स्टेशन सुटलं. प्रथा मात्र घाट चढून बाजारात आली.

पावसाळी रविवारी चिक्कीच्या दुकानात ती बघावी. पत्र्याखाली माणसं मावतात जेमतेम दहा. दुकानदाराचं लक्ष सगळ्यात ताज्या आवाजाकडे. ओला रेनकोट झटकत एक ताई येतात, "दादा, शेंगदाणा अर्धा!" म्हणतात आणि पुडा बांधायला घेतलाही जातो. मागचा एक जण ढकलला जाऊन पन्हळीखाली जातो. तो बहुधा मी असतो.

"अहो, मी मघापासून उभा आहे!"

"तेच म्हणतो काका, तुम्हाला कुठे घाई आहे?"

सोबतचा भाचा संख्याशास्त्र शिकतो. भिजत असतानाही त्याचं शिकवणं थांबत नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांगने १९०९ मध्ये रांगांचं गणित मांडलं म्हणे. "मामा, आधी आलेल्याला आधी द्या नाहीतर शेवटी आलेल्याला, थांबण्याची सरासरी तीच. पहिल्या पद्धतीत चढउतार सगळ्यात कमी, हे किंगमनने १९६२ मध्ये दाखवलं. इथे ताईंना एक मिनिट, तुम्हाला एक तास. सरासरी निघते की अर्ध्या तासाची!"

"आणि पन्हळीखालचे?"

"जागा दहाचीच, म्हणजे अकरावा आला की एक जण बाहेर जाणारच. रिकाम्या हाताने परतणाऱ्यांचा आकडाही बदलत नाही. फक्त माणसं बदलतात."

गणिताचं मला हेच आवडत नाही. त्याला माणूस भिजलेला दिसत नाही. पण त्यातून एक युक्ती सुचली. शेवटी येणाऱ्यालाच मिळणार असेल तर शेवटी यावं! मी गुपचूप रस्ता ओलांडला, छत्री झटकली आणि नव्या गिऱ्हाइकाच्या तोऱ्यात परत निघालो. समोरून आणखी चार काका तोच विचार करून बाहेर पडत होते. त्यांना बघून उरलेलेही निघाले. आम्ही सगळे ताजेतवाने होऊन पोचेपर्यंत दुकानदाराने रिकाम्या पत्र्याकडे पाहून शटर अर्धं ओढलं होतं आणि तो चहाला गेला होता.