हॉल आमचा, लग्न दुसऱ्याचं

रविवारी सकाळी सातला नेरूळच्या कुठल्याही मोकळ्या मैदानावर जा. (सापडलं तर.) पंधरावीस पोरं बॉलमागे धावत असतात. पाठीवर मेसी, हालंड, सलाह. एखाद्याच्या पाठीवर छेत्री असतो. त्याला गोलात उभं करतात.

मुंबई सिटी एफसी? ती जर्सी घरी असेल. इस्त्रीला.

ही पोरं आपल्या क्लबाकडे ओढायची कशी, असा प्रश्न पडला की मार्केटिंगवाल्यांचं उत्तर तयार असतं. मॉलमध्ये सेल्फी पॉइंट, शाळांना फुकट पास आणि एखादा नट.

नट तर पहिल्या दिवसापासून होता! 2014 साली क्लब जन्मला तेव्हा रणबीर कपूर सहमालक, संघात अनेल्का आणि घरचं मैदान कुठलं? आमचं नेरूळचं डी. वाय. पाटील. दोन हंगाम झाले आणि 2016 मध्ये घरचा संघ बिऱ्हाड उचलून अंधेरीला गेला.

जाताना शेजाऱ्यांना सांगितल्याचं काही आठवत नाही.

आता संध्याकाळी साडेसातला सुरू होणाऱ्या सामन्यासाठी नेरूळहून अंधेरी गाठायची. हार्बर, वडाळ्याला गाडी बदला, पुढे रिक्षावाल्याच्या मिनतवाऱ्या. साडेनऊला सामना संपला की हेच सगळं उलट्या क्रमाने, वर झोपलेलं पोर खांद्यावर. निष्ठा असावी, पण तिलाही सकाळी ऑफिस असतं.

इकडे आमचं मैदान रिकामं राहिलं म्हणता? छे! 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात स्पेन आणि माली उपांत्य सामना इथे खेळले. फेब्रुवारी 2022 मध्ये महिला आशिया चषकाची फायनल चीन आणि दक्षिण कोरिया यांच्यात झाली, तीही इथेच. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुलींच्या विश्वचषकाची फायनल, स्पेन विरुद्ध कोलंबिया. वऱ्हाड बाहेरचं, नवरा बाहेरचा, आणि आम्ही गाडीला पार्किंग शोधतोय.

एकदा घरचा संघही येऊन गेला. पाहुण्यासारखा. 6 नोव्हेंबर 2023, आशियाई चॅम्पियन्स लीग, समोर अल हिलाल. सगळ्यांना बघायचा होता त्यांचा नेमार. तो तीन आठवड्यांपूर्वीच गुडघा दुखावून बसला होता. मुंबई 0-2 हरली आणि पोरं नेमारच्या जर्सीत घरी परतली.

जिंकत नाही म्हणून लोक येत नाहीत म्हणावं, तर तेही नाही. 2020-21 मध्ये आयएसएलची शील्ड आणि कप, दोन्ही! कोविडमुळे गोव्यात, रिकाम्या खुर्च्यांसमोर. 2024 मध्ये पुन्हा कप, मोहन बागानला हरवून. कोलकात्यात. देव पावतो, पण दर वेळी परगावी.

मग कुणीतरी हळहळतं, 'महाराष्ट्रात फुटबॉल रुजतच नाही हो.'

कोल्हापूरला हे मोठ्याने म्हणून दाखवा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर असले की दुपारी पेठेतली दुकानं रामभरोसे. पोलिसांचा बंदोबस्त वेगळा, कारण प्रेम थोडं जास्तच आहे. तिथे कुणी समर्थक 'आकर्षित' करत नाही. पेठेत जन्म झाला की तालीम ठरली, तालीम ठरली की संघ ठरला. आधार कार्ड नंतर.

उलट आपल्याकडे जून 2018. भारत अंधेरीत चिनी तैपेईशी खेळला तेव्हा प्रेक्षक 2,569. छेत्रीने हॅटट्रिक केली आणि तरीही व्हिडिओतून हात जोडून म्हणाला, या हो बघायला! पुढच्या सामन्याला मैदान भरलं. पण प्रत्येक सामन्याआधी हात जोडायचे, तर सराव कधी करायचा?

मालकांचं म्हणाल, तर 2019 मध्ये मँचेस्टर सिटीवाले 65 टक्के घेऊन आले. 2025 च्या डिसेंबरात गेलेही. मात्र अंधेरीत ढोल बडवणारी समर्थकांची 'वेस्ट कोस्ट ब्रिगेड' ना आली, ना गेली. ती होतीच.

आणि नवी मुंबईत ढोल नाहीत? करावे, सारसोळे, शिरवणे, घणसोली... कुठल्याही गावठाणात टेनिस बॉलची क्रिकेट स्पर्धा बघा. आगरी बोलीत कॉमेंट्री, मांडवाखाली भाऊ-दादांचे सत्कार, बक्षिसाची मोटारसायकल हार घालून उभी. रात्री दोनला फ्लडलाइटखाली फायनल, आणि घरी कोणी जात नाही. कारण बॅटिंगला चुलतभाऊ असतो.

इथे क्लबवाला येतो का? येतो, फ्लेक्स लावायला.

त्यापेक्षा एक कोच आणि दोन जाळ्या घेऊन या. करावे गाव विरुद्ध सीवूड्सच्या सोसायट्या, असा एक सामना लावा. बाकीचं वैर आम्ही जमवतो. त्यातला एक पोरगा पहिल्या अकरात दिसू दे, त्याची आजी आठवड्यात ऑफसाइड शिकेल.

तिकीट मात्र काढणार नाही. गेटवरचा पोरगा तिच्या ओळखीचा असेल.