वारशाने आलेल्या वाफ्याचा जीर्णोद्धार : नवमालकांसाठी मार्गदर्शिका

बडोद्यात जुना बंगला घेणाऱ्याला दस्तात जमीन मिळते, बांधकाम मिळते, विहीर असली तर तीही मिळते. कुंपणालगतच्या वाफ्याचा मात्र दस्तात उल्लेख नसतो. त्यामुळे तो कोणाचा, हा प्रश्न कोर्टात न जाता वर्षानुवर्षे गल्लीत चालतो. प्रस्तुत मार्गदर्शिका प्रतापगंज, कारेलीबाग आणि तत्सम भागांतल्या नवमालकांसाठी आहे. आधीच्या मालकांची मुले न्यू जर्सीला, घर काही पावसाळे बंद, आणि फाटकापासून मागच्या मोरीपर्यंत अशी हिरवी भिंत, की आत काय आहे ते फक्त मांजराला ठाऊक. आपली परिस्थिती अशी असल्यास पुढे वाचावे.

सुरुवात काहीही न करण्यापासून करावी. ही पायरी सर्वांत अवघड आहे. ताबा मिळाला की माणसाच्या अंगात संस्थानिक संचारतो आणि पहिल्याच रविवारी तो कोयता आणतो. कोयता माळ्यावर ठेवून द्यावा. जुन्या वाफ्यातला बराच ऐवज जमिनीखाली असतो आणि तो आपल्या सवडीने वर येतो. माघात जी जागा निव्वळ मोकळी माती दिसते, तिथूनच ऐन उन्हाळ्यात, पानाचा पत्ता नसताना, भुईचाफा थेट मातीतून जांभळट पांढरे फूल काढतो. पावसाच्या पहिल्या सरीनंतर लिली उठते, सोनटक्का त्याच्याही नंतर. जानेवारीत वाफा सपाट करणारे गृहस्थ हे सारे कंद महानगरपालिकेच्या कचरागाडीत स्वहस्ते घालतात. पुढे तेच कंद नर्सरीत 'एक्झोटिक' म्हणून विकत घेतात आणि घरी येऊन सर्वांना किंमत सांगतात.

थांबण्याच्या या काळात साक्षीपुरावे गोळा करावेत. बंगल्याचे कागद वकिलाकडे असतात, वाफ्याचे शेजारच्या मासींकडे. आपण जास्वंदीला नुसता हात लावावा, गच्चीवरून आवाज येतो : "ए जासूद काकीए रोप्युं'तुं, हाथ ना लगाडता!" वाद घालू नये. रोज सकाळी गणपतीला त्याच जास्वंदीचे फूल जाते आणि ते आपल्या गणपतीला जात नाही, हे यथावकाश लक्षात येईल. जास्वंद वाढून तिचा सांगाडा झाला असेल, तर सगळ्यांत जुन्या फांद्यांपैकी तिसरा हिस्सा बुडापासून काढावा. बाकीच्या पुढच्या दोन वर्षांत. झाडालाही झेपते, मासींनाही.

कोणाच्या तरी मागून बाग हाती येणे, यात कमीपणा वाटायचे कारण नाही. कमाटीबाग 1879 ची, सयाजीराव महाराज तेव्हा अज्ञान होते आणि कारभार दिवाण माधवरावांकडे होता. लक्ष्मीविलास राजवाड्याभोवतीची बाग गोल्ड्रिंग नावाच्या इंग्रजाने आखली. पुढे 1893 मध्ये क्रुम्बिगल हा जर्मन बागशास्त्री संस्थानच्या बागांवर आला. तो लंडनच्या क्यू उद्यानात तयार झालेला. दुसऱ्याने लावलेल्या झाडांपुढे उभे राहून त्याने काय उद्गार काढले ते दप्तरात असलेच तर आम्ही पाहिलेले नाही. मात्र 1908 मध्ये तो बंगळूरला गेला आणि तिथे लालबागही आधीच लावलेली होती.

आता शत्रुपक्ष. गाजरगवत फुलण्याआधी, हातमोजे घालून उपटावे, नाहीतर अंगाला खाज सुटते. पुण्यात 1955 च्या सुमारास त्याची पहिली नोंद झाली, तेव्हापासून ते कोणत्याही मराठी कुटुंबापेक्षा जोमाने देशभर पसरले. घाणेरी वरून छाटून काही होत नाही. ती बुडातून नव्या उत्साहाने फुटते, म्हणून मुळाचा मानेखालचा भागच खणून काढावा. तिला इंग्रजांनी कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणले होते, हे खणताना आठवले की कुदळ जरा जोरात बसते.

लव्हाळ्याचे प्रकरण वेगळे. तो उपटला की हातात पात येते आणि खाली दोऱ्यावर ओवलेल्या गाठींची माळ सुखरूप राहते. माळ तुटली की प्रत्येक गाठ स्वतंत्र संसार थाटते, म्हणजे आपली मेहनत त्याच्याच वंशवृद्धीला लागते. यावर बडोद्याचा मे महिना हाच उपाय. माती खोल खणून, गाठी वर काढून, उन्हात कडकडीत वाळू द्याव्यात. पारा 42 वर असताना हे काम घरातल्या कोणी तरी करायचे असते; ते कोणी, हे मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर आहे. ह्याच लव्हाळ्याचा एक भाऊबंद, नागरमोथा, आपण दिवाळीत उटण्यातून अंगाला लावतो, हे माळीकाकांना सांगू नये. ते गाठी विकायला नेतील आणि खणणे अर्धवट राहील.

कंपाउंडच्या भिंतीत वड किंवा पिंपळ असणारच, पक्षी ती सोय करून ठेवतात. शहराचे नावच वडावरून पडलेले, तेव्हा तो तोडायला कोणी धजत नाही. माळीकाका दोन्ही कानांना हात लावतात. रोप वीतभर असतानाच मुळासकट सोडवून देवळाच्या आवारात किंवा नदीकाठी लावावे. भिंत वाचते, पुण्य लागते.

नदीवरून आठवले. विश्वामित्रीच्या जवळपास घर असल्यास पावसाळ्यात झुडपात हात घालण्यापूर्वी काठी आपटावी. 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात मगरी वस्त्यांतून हिंडत होत्या आणि वनखाते व स्वयंसेवक त्यांना पकडून नेत होते. मगरीला 1972 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, घाणेरीला नाही. मगर वाफ्यात आढळल्यास वनखात्याला फोन करावा आणि तूर्त वाफ्याचा ताबा तिच्याकडे समजावा.

गुलाबाला हात लावण्यापूर्वी खाली बसून बूड पाहावे. कलमाच्या सांध्याखालून फुटलेल्या लांबसडक काटेरी फांद्या म्हणजे खालचा जंगली खुंट. कलम कधीचेच गेलेले असते आणि जो पाया म्हणून ठेवला होता, तो मालक होऊन बसलेला असतो. सांध्याच्या वर जिवंत फांदी असेल, तर खालची फूट छाटू नये, मुळापाशी ओरबाडून काढावी. नसेल तर गुलाबाची आशा सोडावी.

एवढे झाल्यावर लँडस्केपवाला येतो. तो बोलावल्याशिवाय येतो. पांढरे खडे, हिरवळीचे तुकडे, सिमेंटचा ध्यानस्थ बुद्ध आणि चार पाम असा त्याचा आराखडा तयारच असतो. त्याला चहा द्यावा, कमाटीबागेतले फुलांचे घड्याळ बघून यायला सांगावे आणि फाटक लावून घ्यावे.

मोरीजवळ गोडलिंब असेलच. त्याच्या मुळांतून चहूबाजूंनी पिल्ले फुटलेली असतात. ती खुशाल काढावीत, मोठ्या झाडाला हात लावू नये. आसपासच्या पाच घरांची फोडणी त्यावर चालते. फाटकाची एक किल्ली मासींकडे ठेवावी.