तात्यांची दिवेवाली

अहो, ऐकलंत का? या ना जरा कुंपणाजवळ. कढीपत्ता नकोय मला, ते आपलं निमित्त. हळू बोला, त्यांची मागची खिडकी उघडी आहे...

काल तात्यांच्या घरी काय झालं म्हणून सांगू! त्यांच्या वर्षश्राद्धाला तिघंही मुलं जमली होती ना? थोरला न्यू जर्सीहून आलेला, धाकटा इथलाच, आणि ताई कोल्हापूरची. आम्हा दोघांना जेवायला बोलावलं होतं, म्हणून सगळं या डोळ्यांनी पाहिलं. ऐकीव नाही सांगत हं मी कधी.

तर जेवणं उरकली, सुपारी फिरली आणि निघाला चित्रांचा विषय. तात्यांची चित्रं काय, तुम्हाला माहीतच आहेत. जन्म गेला त्यांचा त्यात. शाळेत ड्रॉइंग मास्तर, दिवसभर पोरांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवायचं, आणि घरी आले की कॅनव्हासवर चौकटी आखून मोठ्यामोठ्यांच्या नकला. दलालांची दिवाळी अंकांवरची चित्रं झाली, मुळगावकरांच्या देवता झाल्या, मग परदेशी मंडळी. घरभर टर्पेंटाइन आणि जवसाच्या तेलाचा वास. काकू म्हणायच्या, ‘लोकांकडे जवसाची चटणी होते, आमच्याकडे बाया होतात.’

आणि ती मोनालिसा आठवते का? जिन्यातली? काकूंनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणाल्या, ‘अहो, हिच्या भुवया राहिल्यात.’ तात्या म्हणाले, ‘मुळातच नाहीत.’ तर काकू म्हणतात, ‘मग हसतेय कशाला?’ काकूंचं उत्तर ऐकायचं आणि तात्यांचं तोंड बघायचं! पुढे थोरला पॅरिसला जाऊन खरी पाहून आला आणि सगळ्यांना सांगत सुटला, ‘ती केवढीशी आहे, आपल्या तात्यांची मोठी!’ अहो, खरी 77 सेंटिमीटर बाय 53. तात्यांची कपाटाच्या दाराएवढी. तात्या शांतपणे म्हणाले, ‘त्या लूव्रमध्ये नक्कल करायला बसू देतात, पण मूळ मापाची करू देत नाहीत. मी इथे बसून नियम पाळला.’

तर काय सांगत होते... हां, चित्रं. साठ-पासष्ट तरी असतील. वर्षभर ती माळ्यावर पडून होती, हे लक्षात ठेवा. धाकट्याची बायको मला स्वतः म्हणाली होती, ‘काकू, पावसाळ्यापूर्वी कुणाला तरी देऊन टाकावीत म्हणते.’ थोरल्याला तर सामानाच्या वजनाची काळजी. एकटी ताई काही बोलली नव्हती, पण ती तशी कधीच बोलत नाही.

आणि काल काय झालं, थोरल्या सूनबाईंचे मावसभाऊ आले होते. ते इंटिरिअरचं काम करतात. हातात ताकाचा पेला, सहज खोलीत डोकावले आणि थबकलेच. समोर माळ्यावरून काढलेली दिवेवाली! तीच हो, समई हातात धरलेली, ज्योतीला हाताचा आडोसा आणि बोटांतून लालसर उजेड आलेला. ते म्हणाले, ‘अरे, हा तर राजा रवि वर्मा! आणि मला हे ओरिजिनल वाटतंय.’

अहो, ओरिजिनल शब्द पडला मात्र... चेहरे बघायला हवे होते तुम्ही! धाकट्याने टीव्ही बंद केला. थोरल्या सूनबाईंनी पदराने फ्रेमवरची धूळ पुसली, वर्षात पहिल्यांदा. धाकटी म्हणते, ‘ही तर आम्हीच सांभाळली.’ सांभाळली म्हणे! गाद्यांच्या खाली होती! थोरला म्हणाला, ‘माझ्यावर तात्यांचा जीव होता, ते मला देणारच होते.’ मावसभाऊ कोटींचा आकडा बोलले आणि ह्यांनी मला कोपराने ढोसलं, म्हणजे मी मध्ये बोलू नये म्हणून.

थोरला लगेच फोन काढून बघायला लागला, अमेरिकेला न्यायची कशी. तर निघालं भलतंच. रवि वर्म्याची चित्रं 1979 पासून राष्ट्राचा ठेवा आहेत, देशाबाहेर नेताच येत नाहीत. म्हणजे बघा, खरी असेल तर नेता येणार नाही, आणि नेता आली तर ती खरी नाही! त्याचा चेहरा असा उतरला... आणि धाकट्याचा तितकाच खुलला. ‘मग इथेच राहू दे,’ म्हणतो कसा, जसा काही उपकारच करतोय.

इतका वेळ ताई पाटावर बसून विडा करत होती. ती म्हणाली, ‘रवि वर्मा गेले 1906 साली.’ बरं मग? तर म्हणाली, ‘हे चित्र 1945-46 चं आहे. ग्लो ऑफ होप. आपल्या सावंतवाडीच्या हळदणकरांचं. दिवा धरून उभी आहे ती त्यांची स्वतःची मुलगी, गीता. मूळ चित्र म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. आणि ते तैलचित्र नाहीच, जलरंगात आहे.’ मावसभाऊंनी ताकाचा पेला खाली ठेवला. ते म्हणाले, ‘सगळे रवि वर्माच म्हणतात हो.’ ताई म्हणाली, ‘म्हणतात खरं. बिचारे हळदणकर.’

मला तर माहीतच होतं. त्या गीताबाई उपळेकर कोल्हापूरलाच असायच्या ना, 2018 मध्ये गेल्या, 102 वर्षांच्या होऊन. तात्यांनी पेपरातला फोटो मला या कुंपणावरून दाखवला होता. म्हणाले होते, ‘बघा, वडिलांनी दिवा हातात दिला, तो शंभरी उलटली तरी विझला नाही.’ मला तेव्हा वाटलं होतं, तात्यांनी ताईच्या हातात काय दिलं? पण बोलले नाही मी. मी कुठे बोलते...

तर काय सांगत होते, ताई उठली आणि म्हणाली, ‘उलटं करा ते.’ उलटं केलं. मागे तात्यांचं अक्षर, फळ्यावरच्यासारखं टपोरं! ‘मूळ : सा. ल. हळदणकर. जलरंग. मी तेलात केले, म्हणून बोटांतला उजेड जड झाला. पाचवा प्रयत्न. म्हैसूरला जाऊन पाहिल्यावर कळले, पहिले चारही चुकलेच होते.’

कुणी काही बोलेना. बाहेर कुकरची शिट्टी झाली तेवढीच.

मग मात्र सगळे एकदम उठले. माळ्यावरच्या सगळ्या तसबिरी खाली काढल्या आणि एकेक उलटी करायला लागले, कुठेतरी एखादी खरी निघेल म्हणून! आणि प्रत्येकीच्या मागे तेच. मूळ कुणाचं, कुठे आहे आणि तात्यांचं काय चुकलं. मोनालिसाच्या मागे : ‘कॅलेंडरवरून. छपाईचा पिवळेपणा आणि कॅलेंडरची घडी, दोन्ही उतरली.’ आणि खरंच हो! तिच्या कपाळावरून ती आडवी रेघ जाते ना? मी इतकी वर्षं समजत होते, आठी आहे.

औंधाच्या पाच-सहा निघाल्या. औंधाला भवानी म्युझियम नाही का, पंतप्रतिनिधींचं, 1938 चं? तिथे रवि वर्म्याची खरी चित्रं आहेत आणि विलायती चित्रांच्या नकलाही. तात्या एसटीने जायचे, डब्यात दशम्या आणि पिशवीत वही. त्यांतल्या एकीच्या मागे लिहिलंय, ‘ही नकलेची नक्कल. दोघांच्या चुका मिळून माझी तिसरी.’ थोरला हसला तिथे. पहिल्यांदाच हसला काल.

मला तर तात्यांचं ते अजिंठ्याचं पुराण आठवलं. तुम्हालाही सांगितलं असेलच. तो गिल नावाचा साहेब, वीस-बावीस वर्षं लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करत राहिला, आणि 1866 ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली, त्यात बहुतेक सगळ्या खाक. मग 1872 पासून जेजेचे ग्रिफिथ्स आपली पोरं घेऊन गेले, 1885 पर्यंत पुन्हा सगळं उतरवलं. तर 1885 लाच लंडनमध्ये पुन्हा आग! कितीतरी त्यातही गेली. मी म्हटलं, ‘तात्या, मग काय मिळालं हो त्यांना?’ तर म्हणाले, ‘चित्रं जळली. पण त्या पोरांचे हात तयार झाले ना?’

आणि एकदा मी विचारलंच होतं. म्हटलं, ‘एवढी कला बोटांत आहे, मग स्वतःचं एखादं का काढत नाही?’ तात्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, ‘तुम्ही भजनी मंडळात जाता ना दर एकादशीला? तुकोबांचे म्हणता. तुम्हाला कुणी विचारतं का, स्वतःचा अभंग का नाही म्हणत म्हणून?’ आता काय बोलणार? मी आपली काकडी सोलायला घरात गेले.

शेवटी काय झालं? काही नाही हो. सूनबाई म्हणाल्या, जेट लॅग आलाय. मावसभाऊंना अचानक साइट आठवली. दिवेवाली ताईने नेली, चादरीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर धरून. कुणी हरकत घेतली नाही. आणि जाताना मला फाटकाशी म्हणाली, ‘काकू, पहिले चार माझ्याकडेच आहेत. लहानपणी समई धरून मलाच उभी करायचे. हात दुखायचा.’ बोलली बाई एकदाची... म्हणजे दिलं होतं बघा तिच्या हातात.

अं? माझं चित्र? तेच हो, आमच्या हॉलमधलं, मोत्याची कुडीवाली. मुलीच्या लग्नात दिलं होतं तात्यांनी. त्या व्हर्मीर नावाच्या डच माणसाचं आहे, मूळ हेगला असतं. येईल त्याला मी दाखवते, ‘बघा, नाक कसं चाफेकळी काढलंय!’ पंधरा वर्षं दाखवतेय.

उलटं केलं का म्हणता? ... हो, केलं काल रात्री. हे झोपल्यावर. खुर्चीवर चढून.

कुणाला सांगू नका हं. मागे लिहिलंय, ‘मूळ चित्रात नाकाला रेघच नाही, गालातच मिसळले आहे. मी रेघ मारून बसलो. फसले. शेजारी देण्यास हरकत नाही.’

हसू नका हो! आता मला त्या भिंतीवर दुसरं काही दिसेनासं झालंय. सकाळपासून तीनदा पाहिलं, तीनदा नाकच. बरं, तो कढीपत्ता द्या दोन डहाळ्या, आलेच आहे तर.