दिवेलागणीची काच

आमच्या हॉलच्या खिडकीची काच मे महिन्यात, भर दुपारी, आपली आपण तडकली. चेंडू आला नव्हता, वारा नव्हता, कबूतर धडकलं नव्हतं. ‘टक्’ असा आवाज झाला आणि खालच्या काठापासून निघालेली चीर वळणं घेत पार वरपर्यंत गेली. घरात काही फुटलं की आधी गुन्हेगार शोधायचा आणि मग केर काढायचा, ही आमची रीत. इथे केरही नव्हता. तरी बायकोने माझ्याकडे पाहिलंच. मी तेव्हा खिडकीखालच्या दिवाणावर झोपलो होतो, असं सांगितलं. “मग झोपेत लाथ लागली असेल,” ती म्हणाली.

काचवाला आला आणि मी सुटलो. चीर जिथून निघाली होती तिथे त्याने बोट ठेवलं. “बघा काका, काठाला काटकोनात सुरू झालीय. ही मारलेली नाही, तापलेली आहे.” खिडकी पश्चिमेची, काच ब्राउन. रंगीत काच ऊन पिते. मागे जाड पडदा असला की ती उष्णता तिथेच कोंडते. मधला भाग तापून फुगतो, पण अॅल्युमिनियमच्या चौकटीत दडलेला काठ थंडच राहतो. या ओढाताणीत काठावर कुठे बारीकसा टवका असला, तर चीर तिथून चालू लागते. थोडक्यात, दोष पडद्याचा. पडदा कोणी निवडला होता, हे मी बोललो नाही.

आता नवी काच निवडायची होती. यात निवडण्यासारखं काय असतं, असं मला वाटलं होतं.

आईच्या लहानपणी खरंच नव्हतं. तिचं माहेर कऱ्हाडजवळ. तिच्या लेखी काच म्हणजे कंदिलाची, तीही प्रभाकर कंदिलाची. ओगल्यांनी १९१६ साली काचेचा कारखाना काढला आणि त्यावरून गावाचंच नाव ओगलेवाडी झालं. त्याआधी १९०८ मध्ये तळेगावला, माणशी एकेक पैसा मागून जमवलेल्या पैसा फंडातून काच कारखाना उभा राहिला होता. लोकांनी पैसा पैसा जमवून काच केली, म्हणून असेल कदाचित, ती फुटली की घरात सुतक पडायचं. रोज संध्याकाळी राखेने कंदिलाची काच पुसायची, हे काम आईकडे होतं. खिडकीच्या काचेला ती आजही ‘तावदान’ म्हणते आणि तडकलेलं पाहिलं तेव्हा तिने आधी विचारलं, “हात नाही ना कापला कुणाचा?” हा प्रश्न आम्हा दोघांना सुचलाच नव्हता.

दुकानात गेलो तर साधी, टफन, लॅमिनेटेड, दुहेरी, फ्रॉस्टेड, रिफ्लेक्टिव्ह. टफन भट्टीत तापवून झपकन गार केलेली, साधीपेक्षा चार-पाच पट दणकट; पण माप आधीच बिनचूक द्यायचं, कारण एकदा टफन केली की तिला कापता येत नाही, कापायला गेलं तर खडीसाखरेसारखे तुकडे होतात. माप घेणारा मी असल्यामुळे तो विषय तिथेच मिटला. रिफ्लेक्टिव्हचा मोह बायकोला झाला: आपल्याला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला आपण दिसत नाही. समोरच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी तीच लावली आहे. पण ही जादू काचेची नसून उजेडाची असते. जिकडे उजेड जास्त, तिकडच्याला आरसा. दिवसा ते सुरक्षित असतात. रात्री दिवा लावून ते स्वतःच्या प्रतिबिंबासमोर व्यायाम करतात आणि आमची अख्खी विंग जेवता जेवता तो बघते. त्यांना सांगणार कोण?

मला स्वतःला लॅमिनेटेड हवी होती. दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर. आवाज बराच कमी होतो म्हणे. आमचं नाहूर भांडुप आणि मुलुंडच्या मध्ये दाटीवाटीने बसलेलं स्टेशन. जलद गाड्या इथे थांबत नाहीत, नुसत्या काचा वाजवून जातात. बिडिंगचं रबर वाळल्यापासून तर मेल गेली की अख्खी खिडकी दातावर दात आपटते. हे बंद होईल म्हणून मी खुशीत होतो. आई म्हणाली, “आणि मग मला पहाट झालेली कशी कळणार?” तिची दृष्टी आता अधू झाली आहे. पहाटेची एक गाडी काच वाजवून जाते, त्यावर ती उठते. आम्हाला वाटायचं, तिला जात्याच लवकर जाग येते.

शेवटी निकाल खाचेने दिला. आमच्या जुन्या चौकटीची खाच पाच मिलिमीटरची. दुहेरी काच काय, जाड लॅमिनेटेडही त्यात बसेना. चौकट बदलायची तर खर्च आमच्या ऐपतीबाहेर. राहिली साधी पाच एमएम. सोसायटीचा आग्रह ब्राउनचा, पण अठरा वर्षांपूर्वीची ती छटा कुठेच मिळेना. सेक्रेटरींच्या स्वतःच्या खिडकीत तीन तऱ्हेचे ब्राउन आहेत, त्यामुळे त्यांनी फार ताणलं नाही. पांढरी घेतली.

काचवाल्याने डायमंडने एक रेघ ओढली, काच टेबलाच्या कडेवर ठेवली आणि दाबली. कापली नाही, मोडली; पण अशी मोडली की वाटावं, तिला तिथेच मोडायचं होतं. हल्लीची काच वितळलेल्या कथलावर तरंगवून करतात, म्हणून ती इतकी सपाट. लहानपणी आमच्या चाळीच्या तावदानांतून समोरचा नारळ वारा नसतानाही डुलायचा. तशी काच आता मागूनही मिळत नाही.

आता खिडकीत एक शटर ब्राउन आहे आणि एक पांढरं. पहिल्या संध्याकाळी आई नेहमीसारखी दिवाणावर बसली. तिची दिवेलागण घड्याळावर नसते, खिडकीबाहेर सांजावलं की ती उठते. पांढऱ्या काचेतून नॅशनल पार्कचे डोंगर लख्ख दिसत होते. “अगंबाई, अजून ऊन आहे की!” ती म्हणाली. म्हणजे अठरा वर्षं आमच्या घरात सांज वेळेआधीच होत होती.

थोडा वेळ ती तशीच बसली. तिच्या मालिकेची वेळ झाली होती आणि दिवा लावल्याशिवाय ती टीव्ही लावत नाही. ती उठली, ब्राउन शटर सरकवून पुढ्यात आणलं, डोकावून खात्री केली आणि निरांजन शोधायला आत गेली.